धूसर कडा : गायतोंडे यांची चित्रे आणि पाहण्याचा हक्क

अमूर्त चित्रकलेविषयी आपल्याकडे दोनच रीतींनी बोलले जाते. पहिली रीत कलादालनांतली आणि रविवारच्या पुरवण्यांतली. तेथे चित्रासमोर उभे राहून मौन, शून्य, ध्यान, साक्षात्कार असे शब्द उच्चारले जातात. ज्याला ते शब्द ठाऊक नाहीत तो आपोआप दाराबाहेर राहतो. दुसरी रीत आपल्या कार्यकर्त्या मित्रांची. ज्याच्या घरात उद्याच्या भाकरीची भ्रांत आहे त्याने या रंगांच्या डागांचे काय करायचे, असे ते विचारतात. हा सारा खात्यापित्या वर्गाचा विलास आहे असा निकालही देऊन टाकतात. पहिल्या बोलण्यात भक्ती आहे, दुसऱ्यात राग आहे. पाहणे मात्र दोहोंतही नाही.

मी पेणला चित्रकला शिकवतो आणि राहतो रोह्याला. माझ्या वर्गातली मुले मिठागरांवर, वीटभट्ट्यांवर, गणपतीच्या कारखान्यांत आणि धाटावच्या औद्योगिक वसाहतीत राबणाऱ्या घरांतली आहेत. यातली काही मुले पुढे रंगांचेच काम करणार आहेत, कुणी भिंती रंगवील, कुणी मूर्ती, कुणी पाट्या. त्यांना अमूर्त चित्र दाखवावे की नाही, आणि दाखवायचे तर काय सांगून दाखवावे, हा माझ्यापुढचा रोजचा प्रश्न आहे. वासुदेव संतू गायतोंडे यांच्या चित्रांविषयी लिहायला मी बसलो तो या प्रश्नापोटी. माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. गायतोंडे यांच्या चित्रांतला ज्या अनुभवाला प्रस्थापित समीक्षा आध्यात्मिक म्हणते, त्याचा पाया डोळ्याच्या साध्या, सर्वांना सारख्याच मिळालेल्या धर्मात आहे. म्हणून ती चित्रे पाहायला दीक्षा लागत नाही. आणि त्या धर्माचे ज्ञान मुळात कष्टकऱ्यांच्या हातांतून आलेले आहे.

१

आधी माणूस. गायतोंडे १९२४ साली नागपूरला जन्मले. घराणे गोव्याचे. पुढचे आयुष्य मुंबईत गिरगावच्या चाळीत गेले. १९४८ साली त्यांनी सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका घेतली. त्याच्या आदल्याच वर्षी सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाक्रे या सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला होता. गायतोंडे त्या मंडळींत काहीसे मागाहून आले. आरंभीच्या त्यांच्या कामात माणसे आहेत, भारतीय लघुचित्रांचे सपाट रंग आहेत, पॉल क्लेच्या रेषेची ओढ आहे. १९५७ साली टोकियोत भरलेल्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पहिले पारितोषिक मिळाले. याच सुमारास वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई संस्थेत ते काम करू लागले. खिडकीबाहेर समुद्र होता. चित्रांतून आकृती हळूहळू ओसरू लागल्या आणि क्षितिजासारखा एखादा आडवा पट्टा, त्यावर तरंगणारे काही खरबरीत तुकडे एवढेच उरू लागले.

१९६४ साली रॉकफेलर निधीच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. १९७१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९७२ साली मुंबई सोडून ते दिल्लीला, निजामुद्दीन भागात राहायला गेले आणि तेथे एकटे राहिले. चित्रे मोजकीच काढीत, चित्रांना नावे देत नसत. आपल्या कामाला अमूर्त म्हटलेले त्यांना रुचत नसे. वस्तुनिरपेक्ष म्हणावे असा त्यांचा आग्रह होता. १९८४ सालच्या अपघातात त्यांच्या मानेला जबर दुखापत झाली, मोठ्या कॅनव्हासपुढे उभे राहणे अशक्य झाले आणि काही वर्षे ते कागदावर शाईची लहान चित्रे करीत राहिले. २००१ साली त्यांचे निधन झाले. त्यानंतर बाजार जागा झाला. २०१३ साली मुंबईत झालेल्या लिलावात त्यांचे १९७९ सालचे एक चित्र तेवीस कोटींहून अधिक रुपयांना गेले. २०२१ साली १९६१ सालचे एक चित्र सुमारे चाळीस कोटींना गेले. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले.

या आकड्यांनी आपला वाचक बिचकतो हे मला कळते. पण किंमत चित्राची नसते, मालकीची असते. ज्याने चित्र काढले त्याच्या हयातीत यातला एक कोटीही त्याच्या पदरात पडला नव्हता. बाजाराच्या रागापायी चित्र टाकून देणे म्हणजे चित्र बाजाराच्याच ताब्यात देऊन मोकळे होणे होय.

२

आता डोळ्याकडे वळू.

शाळेत आपण मुलांना रंगचक्र शिकवतो. तांबडा, पिवळा, निळा; त्यांच्या मिश्रणाने नारिंगी, हिरवा, जांभळा. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना बसणारा प्रत्येक विद्यार्थी हे घोकतो. या चक्रात प्रत्येक रंगाला आपली ठरलेली जागा असते, जणू तांबडा हा जन्मतःच तांबडा असतो. प्रत्यक्षात असे होत नाही. करड्या कागदाचा एकच तुकडा कापून त्याचे दोन भाग करा. एक काळ्या कागदावर ठेवा, दुसरा पांढऱ्यावर. पहिला उजळ दिसेल, दुसरा काळवंडलेला. कागद तोच, उजेड तोच, डोळा तोच. बदलला तो शेजार.

हा शोध पंडितांच्या चर्चेत लागलेला नाही. पॅरिसच्या गोब्लाँ येथील सरकारी विणकामाच्या कारखान्यात शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ रंगाई विभागाचे प्रमुख होते. काळ्या लोकरीला हवा तसा जोर येत नाही, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी लोकर तपासली. रंगात खोट नव्हती. काळा धागा निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी विणला की तो फिका वाटे. दोष शेजाराचा होता. यातून १८३९ साली त्यांनी रंगांच्या परस्परविरोधावरचा ग्रंथ लिहिला आणि पुढच्या चित्रकारांनी तो डोक्यावर घेतला. इतिहासात नाव शेव्रल यांचे राहिले. ते राहायलाही हवे. पण धागा फिका दिसतो हे ज्यांनी आधी पाहिले ते मागावर बसणारे होते.

आपल्याकडे याला पुरावा शोधायला पॅरिसला जायचे कारण नाही. जुनेर शिवून गोधडी करणारी बाई विटका तांबडा तुकडा हिरव्या लुगड्याच्या शेजारी ठेवते आणि तो तांबडा पुन्हा पेटतो. ती त्याला सिद्धांत म्हणत नाही. हे इथं शोभतं, एवढेच म्हणते. त्या 'शोभण्या'त शेव्रलचा सबंध ग्रंथ आहे.

करड्या रंगाच्या पाच-सहा पट्ट्या उजळपासून गडदपर्यंत एकापुढे एक चिकटवल्या तर आणखी एक गंमत दिसते. प्रत्येक पट्टी सपाट रंगवलेली असूनही तशी दिसत नाही. गडद शेजाऱ्याच्या बाजूला ती अधिक उजळ भासते आणि उजळ शेजाऱ्याच्या बाजूला अधिक काळी. प्रत्येक पट्टी एका अंगाने वरचढ, दुसऱ्या अंगाने खालची. उतरंडीतल्या प्रत्येक पायरीला आपल्या खालची पायरी किती हवीहवीशी असते, हे आपल्या वाचकांना मी समजावून सांगण्याची गरज नाही. पण रूपक येथेच थांबवावे. पट्टीला वेदना होत नाही. डोळ्याचा भास आणि माणसाचा अन्याय यांना एकाच मापाने मोजणे हा दोहोंवरही अन्याय होईल.

३

डोळ्याचे हे धर्म घेऊन पाश्चात्त्य देशांत एक सबंध चित्रपंथ उभा राहिला. हंगेरीत जन्मून फ्रान्समध्ये स्थायिक झालेले व्हासारेली आणि इंग्लंडच्या ब्रिजेट रायली ही त्यातली दोन मोठी नावे. रायली यांच्या १९६१ सालच्या एका चित्रात केवळ काळे-पांढरे चौकोन आहेत. एका जागी ते अरुंद अरुंद होत जातात आणि कॅनव्हास तेथे दुमडून आत गेल्यासारखा वाटतो. दुसऱ्या चित्रात वळणदार रेषा एकीखाली एक येतात आणि पाहणाऱ्याचे डोळे गरगरतात. १९६५ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात या चित्रकारांचे मोठे प्रदर्शन भरले. लोकांनी गर्दी केली, समीक्षकांनी मात्र नाके मुरडली. ही कला नव्हे, डोळ्यांना केलेल्या गुदगुल्या आहेत असे म्हटले गेले. एका संग्राहकाने रायली यांच्या चित्रावरून पोशाखाचे कापड काढवले आणि त्या संतापल्या. वर्षभरात तशा नक्षीचे झगे दुकानांत आले.

या घटनेचा अर्थ काय? तज्ज्ञांना ही कला उथळ वाटली याचे एक कारण असे की ती समजून घ्यायला तज्ज्ञ लागत नव्हता. बायबल ठाऊक नसले, ग्रीक पुराणे ठाऊक नसली, कलेचा इतिहास ठाऊक नसला तरी डोळे गरगरतच. शिपायाचे गरगरत आणि संचालकाचेही. शेकडो वर्षांत प्रथमच चित्रापुढे सर्वांची इयत्ता एक झाली होती. पण याच गुणात तिचा दोषही होता. ही चित्रे पाहणाऱ्याला मोकळीक देत नाहीत. कडा इतक्या तीक्ष्ण, विरोध इतका टोकाचा, की डोळ्याने काय करावे हे चित्रच ठरवून टाकते. पहिल्या मिनिटात जे घडते तेच दहाव्या मिनिटात घडते. ही चित्रे डोळ्याला राबवून घेतात, त्याच्याशी बोलत नाहीत.

४

गायतोंडे यांची वाट नेमकी उलटी आहे, आणि त्यांचे मोठेपण मला येथे दिसते. त्यांच्या १९७० नंतरच्या चित्रांत तीक्ष्ण कड शोधून सापडत नाही. उभा, पुरुषभर उंचीचा कॅनव्हास. एकाच रंगाचे राज्य, कधी गेरूचे, कधी शेवाळी हिरव्याचे, कधी तांबड्याचे. त्यात मध्येच काही खुणा, लिपीसारख्या दिसणाऱ्या पण कोणत्याही लिपीत नसलेल्या, पृष्ठभागाच्या थोड्या आत बुडालेल्या. पहिल्या मिनिटात फारसे काही घडत नाही. बहुतेक लोक तेवढ्यात पुढे जातात.

थांबले तर काय होते? मी मुंबईला एकदा वर्गातली काही मुले घेऊन गेलो होतो. कोणतीही व्याख्या न सांगता एवढेच सांगितले की चित्राच्या मधोमध एका बिंदूवर नजर ठेवा आणि मनात शंभर आकडे मोजा. साठ-सत्तरच्या पुढे एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, कडेच्या खुणा गेल्या." दुसरा म्हणाला, "परत आल्या." तिसऱ्याला रंग पुढे सरकल्यासारखा वाटला. कुणालाही काही सुचवलेले नव्हते.

मुलांना जे दिसले त्याला विज्ञानात नाव आहे. ट्रॉक्सलर नावाच्या स्विस वैद्याने १८०४ साली त्याची नोंद केली. नजर एका जागी स्थिर ठेवली की तिच्या कडेला असलेल्या मंद आणि अस्पष्ट आकृती काही वेळाने विरून जातात. कारण असे : डोळ्यातल्या पेशी बदलाला जाब देतात, सतत तेच ते दिसत राहिले की थकून गप्प होतात. एरवी आपली नजर नकळत बारीक थरथरत असते. त्या थरथरीने कडा पेशींवरून सरकत राहतात आणि चित्र टिकून राहते. पण कडच धूसर असेल तर इतक्या बारीक हालचालीने पेशीवर पडणाऱ्या उजेडात फारसा फरक पडत नाही. मग आकृती मावळते. नजर जरा ढळली की ती पुन्हा उगवते.

गायतोंडे यांनी हा ग्रंथ वाचला होता की नाही हा प्रश्न गौण आहे. गोधडी शिवणाऱ्या बाईनेही शेव्रल वाचलेला नसतो. वर्षानुवर्षे एका रंगापुढे बसणाऱ्या चित्रकाराला डोळ्याचा हा धर्म अनुभवाने कळतो आणि तो त्यावर चित्र रचतो. गायतोंडे यांच्या कडा धूसर आहेत हा योगायोग नाही. त्यांचे सारे तंत्र त्या धूसरतेसाठी बेतलेले आहे. ते कुंचल्यापेक्षा रोलर आणि सुरी अधिक वापरीत. रंगाचा पातळ थर द्यायचा, तो वाळण्याआधी काही भाग खरवडून किंवा उचलून घ्यायचा, फाटक्या कागदाच्या तुकड्यांनी रंग दाबायचा, काढायचा, पुन्हा वर दुसरा पारदर्शक थर द्यायचा. उजेड वरच्या थरातून आत शिरतो, खालच्या थरावर आपटून परत येतो, आणि वाटेत त्याचा रंग बदलतो. म्हणून तो गेरू वरून लावल्यासारखा दिसत नाही, आतून आल्यासारखा दिसतो. रंग डबीत मिसळलेला नसतो. तो आपल्या डोळ्यात मिसळतो.

रायली यांच्या चित्रात भास कडेतून जन्मतो; गायतोंडे यांच्या चित्रात तो कड नसण्यातून जन्मतो. पहिला भास पाहणाऱ्यावर लादला जातो. दुसऱ्यासाठी पाहणाऱ्याला आपला वेळ द्यावा लागतो आणि प्रत्येकाला तो वेगळ्या क्षणी, वेगळ्या जागी मिळतो. डोळ्याचा धर्म सर्वांना सारखा, तरी पाहणे प्रत्येकाचे स्वतःचे. समता आणि स्वातंत्र्य हे दोन शब्द चित्रकलेत एकत्र आलेले मला येथे दिसतात. हा अतिरेक वाटत असेल तर वाचकांनी एकदा शंभर आकडे मोजून पाहावेत.

५

आता आध्यात्मिक समीक्षेकडे येतो. गायतोंडे यांना झेन विचाराची ओढ होती, रमण महर्षी आणि निसर्गदत्त महाराज यांच्या शिकवणुकीत त्यांना रस होता. हे खरे आहे आणि नाकारण्याचे कारण नाही. चित्रकाराने कशावर श्रद्धा ठेवावी हा त्याचा प्रश्न. माझा आक्षेप चित्रकारावर नाही. त्याच्या श्रद्धेची चौकट करून चित्र तिच्यात बसवणाऱ्यांवर आहे. आकृती विरून गेली की ते म्हणतात, येथे अहंकार विरला. पुन्हा उगवली की म्हणतात, येथे सृष्टी उगवली. जे डोळ्यात घडते ते उचलून आत्म्याच्या खाती जमा केले जाते.

यात तोटा कुणाचा? पहिला तोटा चित्रकाराचा. त्याने घातलेले श्रम, तो रोलर, ती सुरी, थर वाळण्याची वाट पाहण्यात घालवलेले दिवस, सारे अदृश्य होते. चित्र जणू समाधीतून टपकले. आपल्याकडे श्रम झाकून त्यावर पावित्र्याची शाल पांघरण्याची रीत जुनी आहे. दुसरा तोटा पाहणाऱ्याचा. चित्र कळायला साधना लागते असे एकदा ठरले की ज्यांच्या घरात साधनेची भाषा नाही, किंवा ती भाषा ज्यांच्याविरुद्धच शतकानुशतके वापरली गेली, त्यांनी चित्रासमोर मुकाट मान खाली घालावी हे ओघानेच आले. आमच्या मुलांपैकी अनेकांना कलादालनात पाऊल टाकताना वाटणारा संकोच रंगांमुळे येत नाही; तो या भाषेमुळे येतो.

कुणी विचारील, सारे पेशींचेच कर्तृत्व असेल तर चित्रकार कशाला हवा? धूसर डाग तर भिंतीवरच्या ओलीतही असतात. आक्षेप रास्त आहे. डोळ्याचा धर्म हे कारण झाले, अर्थ नव्हे. भाषेचे व्याकरण सर्वांना सामाईक असते, म्हणून सर्वांची वाक्ये सारखी होत नाहीत. कोणती खूण कोठे ठेवायची, किती बुडवायची, किती वर ठेवायची, गेरूच्या पोटात हिरवा किती दडवायचा आणि हात केव्हा थांबवायचा, हे निर्णय चित्रकाराचे असतात. भिंतीवरची ओल थांबायचे केव्हा हे ठरवीत नाही. विज्ञान मला एवढेच सांगते की या निर्णयांची पारख करायला माझ्याजवळ आणि माझ्या विद्यार्थ्याजवळ पुरेसे साधन आहे. ते साधन म्हणजे डोळे, आणि थोडा वेळ.

६

हे साधन आमच्या भागात किती सूक्ष्म झालेले आहे हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. पेण शहरात आणि हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या गावांत गणपतीच्या मूर्तींचे कारखाने आहेत. ज्या कामासाठी पेणचे नाव झाले ते म्हणजे मूर्तीच्या डोळ्यांची आखणी. अंगाचा रंग फवाऱ्याने दिला जातो, ते काम शिकाऊ पोरगाही करतो. डोळे मात्र मुरलेला हातच काढतो. बुबुळात पांढऱ्याचा टिपका कोठे सोडायचा, वरच्या पापणीची रेषा कोठे जाड आणि कोठे केसासारखी बारीक ठेवायची, यावर त्या मातीला नजर येते की नाही ते ठरते. टिपका जरा सरकला की मूर्ती तिरळी किंवा निस्तेज. मूर्तीशी कुणाचे काय नाते आहे हा ज्याच्या त्याच्या विचाराचा भाग. माझे ते नाही. परंतु त्या कारागिराचे कसब हे डोळ्याच्या भासाचे ज्ञान आहे, आणि त्याला ते ठाऊक आहे. मूर्तीवर त्याचे नाव नसते. मजुरी नगावर मिळते.

याच जिल्ह्याने चित्रकलेला प्रभाकर बरवे दिले. तेव्हा जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. अलिबागजवळच्या नागावला १९३६ साली त्यांचा जन्म झाला. वस्तू, तिची सावली आणि दोहोंमधली रिकामी जागा यांना सारखेच वजन देणारी त्यांची चित्रे आणि १९९० सालचे त्यांचे 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक मराठीत चित्राविषयी निवळ भाषेत बोलता येते याचा पुरावा आहे. बरवे अनेक वर्षे विणकर सेवा केंद्रात नोकरीला होते. अकोल्याचे अंबादास खोब्रागडे, ज्यांनी केवळ 'अंबादास' एवढेच नाव लावले आणि १९६३ सालच्या 'ग्रुप १८९०'च्या प्रदर्शनात ज्यांची चित्रे होती, तेही विणकर सेवा केंद्रात काम केलेले. पुढे ते नॉर्वेला गेले आणि २०१२ साली तेथेच वारले. त्यांच्या कॅनव्हासवर रंगाचे लोळ वाहत जातात, वळतात, एकमेकांना कापतात. कुठेही माणूस नाही, वस्तू नाही. आडनावावरून चित्राची जात काढण्याचा उद्योग मला करायचा नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की अमूर्त चित्र ही कुणा एका थराची वतनदारी कधीच नव्हती. गोब्लाँच्या मागापासून आपल्या हातमागापर्यंत रंगाचे ज्ञान कामाच्या जागीच मुरत आले आहे.

येथे चळवळीतल्या मित्रांशी थोडा वाद घालणे भाग आहे. आपल्या मुलाने चित्र काढले की आपण त्यात मोर्चा, झोपडी, फाटके लुगडे शोधतो. ती चित्रे हवीतच. पण त्याने नुसता करडा रंग करड्याशेजारी ठेवला तर आपण अस्वस्थ का होतो? दुःख सांगणे हेच आमचे काम आणि रंगाचा विचार करणे हे इतरांचे, ही वाटणी कुणी केली? ज्याला केवळ साक्षीदार म्हणून बोलावले जाते आणि विचार करायला कधीच बोलावले जात नाही, त्याचे माणूसपण अर्धेच मान्य झालेले असते. गायतोंडे यांच्या चित्राचा आमच्या जगण्याशी संबंध काय, या प्रश्नाला माझे उत्तर असे की आमच्या जगण्यात डोळेही येतात.

७

तरीही गायतोंडे यांच्या चित्रांच्या मर्यादा सांगितल्या पाहिजेत. ही चित्रे वेळ मागतात, आणि वेळ हीच आपल्या समाजात सर्वांत विषम वाटली गेलेली वस्तू आहे. धाटावला रात्रपाळी करून आलेल्या माणसाला शंभर आकडे मोजायला सांगणे सोपे नाही. ती शांत भिंत आणि सारखा उजेड मागतात. एका खोलीत सात माणसे राहतात तेथे तशी भिंत नसते. छापील चित्रात तर त्यांचे जवळजवळ सारेच मरते, कारण थरांमधून परतणारा उजेड शाईत उतरत नाही. तेव्हा मूळ चित्रासमोर उभे राहण्यावाचून इलाज नाही आणि मूळ चित्रे मुंबई-दिल्लीच्या संग्रहालयांत किंवा धनिकांच्या घरांत आहेत. गायतोंडे स्वतः या प्रश्नाकडे वळले नाहीत. त्यांनी आपल्यापुरता एकांत पत्करला आणि त्या एकांताची किंमतही मोजली. पण एकांत हा सर्वांना परवडणारा मार्ग नाही. त्यांच्या चित्रांत जगाचा गोंगाट नाही याचे कौतुक करताना तो गोंगाट कुणाच्या वाट्याला गेला हे विसरता येत नाही.

मात्र या मर्यादांतून निघणारा निष्कर्ष चित्र टाकून द्यावे असा नाही. वेळ, भिंत आणि उजेड यांची मागणी करावी असा आहे. वाचनालयासाठी आपण भांडलो, वसतिगृहासाठी भांडलो. पेण आणि रोहा येथे रेल्वे आहे, मोठमोठे कारखाने आहेत, महाविद्यालये आहेत. ज्यात चित्र नीट टांगता येईल असे सार्वजनिक दालन असावे ही मागणी आपण कधी गंभीरपणे केलेली नाही. सरकारी संग्रहालयांची चित्रे लोकांच्या पैशाने घेतलेली आहेत. ती जिल्ह्याच्या ठिकाणी फिरली पाहिजेत असे म्हणायचा अधिकार आपल्याला आहे.

आणि ते होईतो शिक्षकांना करता येण्याजोगे बरेच आहे. रंगचक्र घोकून घेण्याआधी मुलांच्या हातात करड्या कागदाचे दोन तुकडे द्यावेत. तांबड्या चौकोनाकडे अर्धा मिनिट पाहून मग पांढऱ्या भिंतीकडे पाहायला सांगावे आणि तेथे हिरवट चौकोन कुठून आला हे त्यांनाच विचारावे. घरातली गोधडी वर्गात आणायला लावावी आणि कोणत्या तुकड्याशेजारी कोणता तुकडा का, हे आईला किंवा आजीला विचारून यायला सांगावे. आखणी करणाऱ्या कारागिराला पाहुणा म्हणून वर्गात बोलवावे, मजूर म्हणून नव्हे, जाणता म्हणून. एवढे झाल्यावर गायतोंडे यांचे चित्र दाखवावे आणि गप्प राहावे. मुले बोलतील. ती जे बोलतील ते कोणत्याही पुरवणीत छापून आलेले नसेल, पण ते त्यांनी पाहिलेले असेल.

काय पाहायचे आणि कुणाकडे वर डोळे करून पाहायचे नाही, हे आपल्याला फार काळ दुसऱ्यांनी सांगितले. ते हुकूम आपण मोडले. आता कसे पाहायचे हेही दुसऱ्यांनी सांगू नये.